धुळीतली रेघ
(चिखलदरा येथील स्नेहमेळाव्यातील मनोगत)



आत्ता माझी ओळख 'पुण्यातल्या सॉफ्टवेअर इंजिनीअर' अशी करून दिली. पण या मैदानावर पाय ठेवला आणि मी पुन्हा सहावीतली, धुक्यात खराटा घेऊन मैदान झाडणारी मुलगी झाले. आज त्या झाडण्याबद्दलच बोलायचं आहे.

आठवतं का, सहावीत आपल्या वर्गात एक कोरकू मुलगी आली होती? ती बोलायचीच नाही. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचं नातं नाही, हे मला फार उशिरा कळलं. तिच्या भाषेतला एक शब्द आपल्याला येत नव्हता, तरी मुकी ठरली ती.

मधल्या सुट्टीत ती काडीनं मातीत चित्र काढायची. एक लांब, वळणावळणाची रेघ, शेवटी एक गोल आणि गोलाबाहेर उभी एक बारीक आकृती. कुणी म्हणालं साप, कुणी म्हणालं भीमकुंडाचं पाणी. मी विचारलं, "हे काय व?" तिनं नुसतं माझ्याकडे पाहिलं. सफाईची पाळी माझी होती. मी ते झाडून टाकलं. दिवाळीनंतर ती शाळेत आलीच नाही.

२०१८ साली जिव्या सोमा म्हसे गेले, तेव्हा त्यांच्याविषयी वाचलं. वारली चित्रं पूर्वी मुख्यतः सुवासिनी काढत, लग्नघरात, तांदळाच्या पिठानं. डहाणूकडच्या या माणसानं ती रोज काढली, कागदा-कापडावर आणली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. लहानपणी आई गेल्यावर त्यांनी बोलणं सोडलं होतं. जे सांगायचं ते धुळीत चित्र काढून सांगत. २००३ साली जर्मनीत त्यांच्यासोबत प्रदर्शनात होते इंग्लंडचे रिचर्ड लाँग. त्यांनी १९६७ साली कुरणात येरझाऱ्या घालून गवतावर एक सरळ रेघ उमटवली होती. ते त्यांचं गाजलेलं काम. म्हणजे पायवाटसुद्धा चित्र असू शकते.

वाचता वाचता मी थांबले. ती रेघ तिच्या गावाची वाट तर नसेल?

आमच्या कामात आकृतीतल्या बाणाचा एकच अर्थ लागावा लागतो. दोन लागले की रात्री दोनला फोन येतो. तिच्या रेघेचा खरा अर्थ मला आजही सांगता येणार नाही. साप असेल, पाणी असेल. पण मी विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता झाडून टाकलं, एवढं नक्की.

आपला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप दहावीच्या यादीवरून झाला, म्हणून ती त्यात नाही. मला तर तिचं नावही आठवत नाही. सर, बाई, जुन्या हजेरीपटात तिचं नाव-गाव सापडलं तर मला कळवा. मेळघाटात नोकरीला असलेल्यांनीही विचारून पाहा. मी जाईन. जाण्याआधी कोरकूतली चार वाक्यं शिकेन. आणि या वेळी ती काय सांगते ते ऐकून घेईन.

एवढंच.