गांजाची चिलीम आणि पुढली पायरी

(शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शाळेच्या मागील भिंतीआड नववी-दहावीतला एखादा मुलगा गांजा ओढताना आढळला, की गावात दोन मते तत्काळ उभी राहतात. "आज गांजा, उद्या गर्द, हा मुलगा हातचा गेला," हे एक मत. "बैराग्यांच्या धुनीभोवती चिलीम पिढ्यान्‌पिढ्या फिरत आली आहे, कोणाचे काय बिघडले?" हे दुसरे. पहिल्या मतातून शाळेतून नाव काढण्याचा निर्णय जन्म घेतो, दुसऱ्यातून डोळेझाक. दोन्हींची किंमत तो मुलगाच मोजतो. म्हणून गांजा ओढणारा मनुष्य अधिक घातक द्रव्यांकडे वळतोच काय, हा प्रश्न केवळ शास्त्रज्ञांचा राहत नाही. ज्याच्या सहीने मुलाचे नाव पटावर राहते अथवा जाते, त्याचाही तो प्रश्न आहे.

'पायरी'ची ही कल्पना शास्त्रीय चर्चेत रूढ होण्यास डेनिस कॅन्डेल या अमेरिकन संशोधिकेचे काम मोठ्या प्रमाणात कारणीभूत झाले. न्यूयॉर्क राज्यातील शाळकरी मुलांच्या पाहणीवरून त्यांनी १९७५ साली दाखवून दिले, की मुले सहसा एका ठराविक क्रमाने पुढे जातात. आधी बिअर किंवा वाइन, मग सिगारेट किंवा कडक दारू, त्यानंतर गांजा आणि शेवटी इतर बेकायदा द्रव्ये. या निष्कर्षाचा अर्धा भाग जगभर गाजला. एका पायरीवर आलेला प्रत्येक जण पुढच्या पायरीवर जातोच असे नाही, हा त्याच लेखातील दुसरा अर्धा भाग मात्र फारसा कोणी ध्यानात ठेवला नाही. शिवाय या क्रमात गांजा पहिला नाहीच. त्याच्या आधी तंबाखू व दारू आहेत. गावातील चर्चेत या दोहोंचे नाव क्वचितच निघते.

क्रम म्हणजे कारण नव्हे, हे समजण्यासाठी परदेशी जाण्याची आवश्यकता नाही. ब्रिटिश संसदेत प्रश्न उपस्थित झाल्यावर १८९३ साली हिंदुस्थान सरकारने भांग, गांजा व चरस यांच्या चौकशीसाठी एक आयोग नेमला. मुंबई इलाख्यासह देशभर फिरून त्याने ११९३ साक्षीदारांचे म्हणणे नोंदविले आणि १८९४ साली आपला अहवाल सादर केला. गांजामुळे माणसे वेडी होतात, असा त्या काळी सार्वत्रिक समज होता व त्याला वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदवह्यांचा भक्कम आधार होता. १८९२ साली दाखल झालेल्या १३४४ रुग्णांपैकी २२२ जणांच्या आजाराचे कारण गांजा-भांग असे लिहिलेले होते. आयोगाने एकेका प्रकरणाची फेरतपासणी केली, तेव्हा त्यांतील केवळ ९८ प्रकरणे टिकली. ज्या पोलिसाने रुग्णास आणले, त्याच्या कागदावरचे कारण इस्पितळाच्या रकान्यात तसेच उतरत होते. रुग्ण गांजा ओढत होता एवढे कळले, की पुढील विचारपूस थांबत होती. रकाने भरण्याचे काम ज्यांच्या वाट्याला येते, त्यांनी हे प्रकरण मुळातून वाचण्यासारखे आहे. आयोगाने गांजाला निर्दोष ठरविले नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. बेताच्या सेवनापासून सहसा अपाय दिसत नाही, अतिसेवनापासून मात्र होतो, असा त्याचा एकंदर अभिप्राय होता.

आता आजच्या भारताकडे वळू. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेली देशव्यापी पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. १० ते ७५ वयोगटात भांग, गांजा वा चरस घेणारे सुमारे ३ कोटी १० लक्ष आढळले; अफू, हेरॉईन व तत्सम वेदनाशामके घेणारे सुमारे २ कोटी २६ लक्ष. भांग-गांजाचे प्रमाण राष्ट्रीय सरासरीहून जास्त असलेल्या राज्यांत उत्तर प्रदेश, छत्तीसगड, दिल्ली, पंजाब व सिक्कीम यांची नावे येतात. अफूजन्य द्रव्यांचे प्रमाण सर्वाधिक आहे ते मिझोराम, नागालँड, अरुणाचल प्रदेश, सिक्कीम व मणिपूर येथे. हे दोन नकाशे एकमेकांवर ठेवले असता ते थोडेच जुळतात. गांजा हीच जर हेरॉईनची पायरी असती, तर जेथे गांजा अधिक तेथे हेरॉईनही अधिक, असे सर्वत्र दिसावयास हवे होते. ईशान्येकडील चित्र उलगडते ते म्यानमारच्या सरहद्दीवरून येणाऱ्या मालामुळे. जपानमध्येही गांजा ओढणारे थोडे आहेत. तेथे अन्य बेकायदा द्रव्ये घेणाऱ्यांपैकी अनेकांनी गांजाला कधी हातही लावलेला नसतो.

याचा अर्थ गांजा सर्वस्वी निरपराध, असा मात्र नव्हे. ऑस्ट्रेलियातील एका अभ्यासात जुळ्या भावंडांच्या ३११ जोड्या निवडण्यात आल्या. प्रत्येक जोडीतील एकाने वयाच्या सतराव्या वर्षापूर्वी गांजा ओढला होता, दुसऱ्याने नाही. घर एक, आईबाप एक, बालपण एक. तरीही लवकर सुरुवात करणाऱ्या भावंडात पुढे इतर द्रव्ये घेण्याची अथवा दारूच्या व मादक द्रव्यांच्या आहारी जाण्याची शक्यता सुमारे दुपटीपासून पाचपटीपर्यंत अधिक आढळली. २००३ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हा फरक मेंदूवरील परिणामामुळे की वेगळ्या मित्रमंडळामुळे, याचा निकाल त्या संशोधकांनीही दिलेला नाही. वयाचा मुद्दा मात्र त्यातून पक्का होतो. चाळिशीतल्या शेतमजुराची चिलीम आणि पंधराव्या वर्षीच्या मुलाची चिलीम एका मापाने मोजता येत नाही.

आणखी एक दुवा आहे. त्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. तो म्हणजे विकणारा. नेदरलँड्स देशाने १९७६ साली आपल्या अफूविषयक कायद्यात फरक करून गांजा-चरस एकीकडे व हेरॉईनसारखी द्रव्ये दुसरीकडे, अशी विभागणी केली. गांजासाठी गेलेल्या तरुणाची हेरॉईनवाल्याशी गाठच पडू नये, असा त्यामागील विचार होता. ते धोरण भारताने उचलावे असे नव्हे. त्या देशासही त्यातून नव्या अडचणी आल्या. परंतु मुंबईचा १९८० नंतरचा अनुभव त्या विचाराला दुजोराच देतो. गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, शहरात आली ती सुईवाटे नव्हे, तर धुराच्या रूपाने. चांदीच्या कागदावर पूड ठेवायची, खालून काडी पेटवायची आणि नळीने धूर ओढायचा. सिगारेट व चरस यांना सरावलेल्या मुलाला ही उडी फार मोठी वाटली नसेल, तर नवल नाही. डॉ. अनिल अवचट यांनी ते जग 'गर्द'मध्ये मराठी वाचकांपुढे मांडले. १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता अवचट व त्यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, त्याला पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांचे साहाय्य लाभले.

तेव्हा शाळेच्या भिंतीआड सापडलेल्या मुलाविषयी मुख्याध्यापकांनी विचारावयाचे प्रश्न वेगळे आहेत. किती वर्षांचा असताना सुरुवात झाली? कधीमधी की रोज? घरात काय चालले आहे? माल कोणाकडून मिळतो, आणि त्याच्यापाशी दुसरे काय असते? लहान मुलांच्या बाबतीत तर आधी पंक्चरचे सोल्युशन व व्हाइटनर यांविषयी विचारावे. वर उल्लेखिलेल्या पाहणीत हुंगण्याची द्रव्ये हा एकच प्रकार असा निघाला, की ज्यात १० ते १७ वर्षांच्या मुलांचे प्रमाण (१.१७ टक्के) प्रौढांपेक्षा (०.५८ टक्के) जास्त आहे. शाळेतून नाव काढल्याने यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. मुलाचा दिवस मात्र रिकामा होतो आणि तो भरावयास विक्रेता तयारच असतो.

कायद्याची बाजू थोडक्यात. १९८५ च्या अंमली पदार्थविषयक अधिनियमात गांजा बाळगणे व ओढणे हा गुन्हा आहे. मात्र एक किलोपर्यंतचा गांजा 'अल्प प्रमाण' गणला जातो, हेरॉईनच्या बाबतीत ही मर्यादा केवळ पाच ग्रॅम आहे. मुलाला मादक द्रव्य देणाऱ्यास २०१५ च्या बालन्याय अधिनियमाच्या कलम ७७ अन्वये सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लक्ष रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सल्ल्यासाठी १४४४६ हा केंद्र शासनाचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. याच १९८५ च्या अधिनियमातील कलम ६४-अ फारच थोड्यांना ठाऊक असते. अल्प प्रमाणाच्या अथवा सेवनाच्या आरोपातील व्यसनी व्यक्ती स्वखुशीने उपचार घेऊ इच्छीत असेल व प्रत्यक्ष घेत असेल, तर तिच्यावर त्या आरोपाबद्दल खटला चालत नाही. उपचार शासनाने वा स्थानिक प्राधिकरणाने चालविलेल्या अथवा मान्यता दिलेल्या संस्थेत व्हावयास हवेत, आणि ते अर्धवट सोडल्यास हे संरक्षण काढून घेता येते.