पडद्यावरचे हसे आणि घरातले मौन

(पारनेर येथील व्याख्यानाचा सारांश)



एखाद्या माणसाविषयी समाजाला काय वाटावे, हे कायद्याच्या आधी करमणूक ठरवते. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांचा स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क मान्य केला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांचे संमतीने असलेले समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. ही निकालपत्रे पारनेर तालुक्यातील किती घरांत पोचली? दूरचित्रवाणी मात्र पोचली आहे. आणि तिच्या विनोदी कार्यक्रमांत साडी नेसलेला पुरुष आला की हशा ठरलेला.

पुरुषाने साडी नेसणे मुळातच हास्यास्पद आहे काय? ‘एकच प्याला’तील बालगंधर्वांच्या सिंधूने महाराष्ट्राला रडवले, त्यांच्या वेशभूषेचे अनुकरण घरंदाज स्त्रियांनी केले. तमाशातील नाच्याच्या वाट्याला मात्र टवाळीच आली. २०१० सालच्या ‘नटरंग’ चित्रपटातील गुणा हा पैलवानी देहाचा शेतमजूर. पण नाच्या झाला एवढ्यावरून त्याची विटंबना होते. साडी तीच, फरक प्रतिष्ठेचा. संगीत नाटकामागे मध्यमवर्ग उभा होता, तमाशामागे दलित आणि श्रमिक.

दूरचित्रवाणीने नाच्याची कला घेतली नाही, टवाळी तेवढी घेतली. त्याचे कारण आर्थिक आहे. वाहिनी जाहिरातदारांना प्रेक्षकसंख्या विकते. रुजलेल्या पूर्वग्रहावर हसवणे स्वस्त पडते. पूर्वग्रह मोडणे जोखमीचे असते. म्हणून नटाला दोष देऊन भागणार नाही. याच बाजारात २०१७ साली विक्सच्या जाहिरातपटात गौरी सावंत या तृतीयपंथी कार्यकर्त्या आई म्हणून दिसल्या. त्या काही मिनिटांत हसण्याजोगे काही नव्हते. एक घर होते, एक मुलगी होती. म्हणजे असे दाखवणे अशक्य नाही.

यावर बंदी हा उपाय नव्हे. आज विनोदावर चालवलेली कात्री उद्या चळवळीच्या पथनाट्यावर चालेल. कार्यकर्त्यांनी गावोगावच्या बैठकांत, युवक मंडळांत एवढेच विचारावे: हा हशा कोणाच्या किमतीवर पिकतो?

कारण ती किंमत पडद्यावरचा नट मोजत नाही. नट साडी उतरवून घरी जातो. ती मोजतो, त्याच वेळी आई-वडिलांशेजारी बसून कार्यक्रम पाहणारा एखादा मुलगा. वडील मोकळेपणाने हसतात, आणि स्वतःविषयीची कोणती गोष्ट या घरात कधीच बोलायची नाही, हे त्याला त्या क्षणी कळते.