अध्यापकाची अपेक्षा

वर्गांत पाऊल टाकतांना अध्यापकाच्या हातीं हजेरीचा पट असतो. तसाच एक पट त्याच्या मनांतहि असतो. कोण पुढें जाईल, कोण मागें राहील, याच्या नोंदी त्यावर आधींच झालेल्या असतात. हा दुसरा पट विद्यार्थ्यांस कोणी वाचून दाखवीत नाहीं. तरीहि तो त्यांस कळतो. अवघड प्रश्न कोणास विचारला जातो, उत्तरासाठीं कोणाची वाट पाहिली जाते, एवढ्यावरूनच तो वाचतां येतो.

अमेरिकेंत बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांत १९७० नंतरच्या दशकांत अनेक कृष्णवर्णीय विद्यार्थी कलनगणितांत नापास होत. युरी ट्राइझमन यांनीं अध्यापकांस कारण विचारलें. उत्तरें ठरीव आलीं : जिद्द नाहीं, पूर्वतयारी कच्ची, घरचें पाठबळ नाहीं, पैशाची ओढाताण. मग ट्राइझमन यांनीं २० कृष्णवर्णीय व २० चिनी वंशाच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास कसा चालतो, तें त्यांच्यांत मिसळून पाहिलें. जिद्द होती, आईबापांचा आग्रहहि होता. उणीव निराळीच होती. चिनी वंशाचे विद्यार्थी एकत्र बसून एकमेकांच्या चुका काढीत. कृष्णवर्णीय विद्यार्थी नेमून दिलेले तास इमानानें, पण एकट्यानें अभ्यास करीत.

त्यांच्यासाठीं कार्यशाळा निघाली. कच्च्या मुलांची शिकवणी असें रूप तिला दिलें नाहीं. उलट, अधिक कठीण गणितें सर्वांनीं मिळून सोडवावयाचीं, असा तिचा क्रम होता. तींत आलेले कृष्णवर्णीय विद्यार्थी आपल्या गोऱ्या सहाध्यायांच्याहि पुढें गेले.

नुसत्या गोड शब्दांनीं गणित सुटत नाहीं. येथें अपेक्षेस कृतीची जोड होती. परंतु अपेक्षाच खुजी असती, तर तीं कठीण गणितें कोणी पुढें ठेवलींच नसतीं.

अमेरिकेंतच १५० अध्यापक व १५,००० हून अधिक विद्यार्थी यांची पाहणी २०१९ मध्यें प्रसिद्ध झाली. बुद्धि कायमची ठरलेली असते असें मानणाऱ्या अध्यापकांच्या वर्गांत, निरनिराळ्या वंशांच्या विद्यार्थ्यांच्या गुणांतील अंतर इतर वर्गांच्या दुपटीपर्यंत गेलेलें आढळलें. शिकण्याची उमेदहि तेथें कमी होती.

हजेरीच्या पटावरील चूक सहज खोडतां येते. मनांतील पटावरच्या चुकीचें मोल मात्र विद्यार्थी भरतो. आणि तें कशाबद्दल भरलें, हें त्यास पुष्कळदां कळतहि नाहीं. म्हणून सत्रारंभीं अध्यापकानें तो पट आधीं कोरा करावा, हेंच उचित होय.