कोपरगाव : नाव कोपाचे की कोपराचे?



आपल्या गावाला हे नाव कसे पडले, असे मुले विचारतात आणि आपण काहीतरी सांगून मोकळे होतो. आज एकाच नावाची हकिकत सांगतो.

जिल्ह्याच्या नावाचे काम सोपे. अहमद निजामशहावरून अहमदनगर झाले. २०२४ साली अहिल्याबाई होळकरांवरून अहिल्यानगर झाले. पण कोपरगावचे बारसे कोणी लिहून ठेवलेले नाही. म्हणून वाद.

एकदा गोदाकाठी पारावर एका आजोबांनी मला सांगितले, "बेटावर शुक्राचार्यांचं देऊळ हाय. कच तिथंच संजीवनी विद्या शिकला. देवयानीनं लग्नाचं इचारलं, त्यो नाही म्हणला. तिला कोप आला. म्हून कोपरगाव."

मी पंडिती थाटात म्हणालो, "आजोबा, कोपावरून असते तर कोपगाव झाले असते. मधला 'र' कुठला?" ते गप्प झाले. मला जिंकल्यासारखे वाटले.

तर्क काही खोटा नव्हता. संस्कृत कूर्पर, प्राकृतात कोप्पर, मराठीत कोपर. दुमडलेल्या हातासारखे वळण गोदावरी येथे घेते. कोणी म्हणेल, कोपर नव्हे, कोपरा. वळणाच्या कोपऱ्यातले गाव. तेही शक्य आहे. घोड्याचे जसे घोडदळ, तसे कोपऱ्याचे कोपरगाव. ठाण्याची कोपरी, नव्या मुंबईतले कोपरखैरणे, हीही पाण्याकाठचीच नावे. सालबाईच्या तहानंतर रघुनाथराव पेशवे येथे राहिले व १७८३ साली येथेच वारले. त्याच्याही मागचे लेखी रूप जितके जुने हाती येईल, तितका निवाडा पक्का. तोवर माझा कौल नदीच्या वळणाला.

पण निघताना आजोबा म्हणाले, "मास्तर, नदीचं वळण आमालाबी दिसतंय. पन ह्या बेटावर शुक्राचार्यच का बसले, ते तुमचा 'र' सांगतो का?"

मी निरुत्तर झालो. शब्द कुठून आला हा एक प्रश्न. लोकांनी त्या जागेशी कोणती आठवण जोडली हा दुसरा. ती आठवण अजून जिवंत आहे. तालुक्यात साखर कारखाना निघाला, तेव्हा त्याला नाव दिले ते 'संजीवनी'!

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, मुलांकडून वहीत दोन रकाने आखून घ्या. एकात आजी-आजोबा सांगतात ती गोष्ट, त्यांच्याच शब्दांत. दुसऱ्यात जुनी खरेदीखते, देवळावरचे लेख, यांतले गावाचे नाव, जसे लिहिले असेल तसे. एकाने दुसऱ्याला खोडू नका. मात्र पहिला रकाना आधी भरा. कागद दप्तरात थांबतो, माणूस थांबत नाही.

दोन वर्षांनी मी वही घेऊन त्या पारावर गेलो. आजोबा नव्हते. त्यांची गोष्ट मला जेवढी आठवली, तेवढीच आज आपणांस सांगितली.