मदतीचा हात आणि ताठ मान



अडचण कुणाला चुकली आहे? अशा वेळी दुसऱ्याचा हात धरावाच लागतो, आणि तो नाकारणे म्हणजे काही स्वावलंबन नव्हे. प्रश्न एवढाच, की तो हात धरून माणूस उठतो, की आणखी खाली बसतो?

मी सातवीत असताना आम्हां काही मुलांना फुकट वह्या मिळाल्या. साऱ्या शाळेसमोर नावं पुकारली, टाळ्या झाल्या, फोटो निघाला. वह्या हव्याच होत्या. पण कव्हरावरचं दात्याचं नाव मी वर्षभर वर्तमानपत्राखाली झाकून ठेवलं. देणाऱ्याचं मन चांगलं होतं. चुकली ती रीत.

त्याच साली वडील तापानं अंथरुणाला खिळले आणि नांगरट राहिली. त्यांनी इर्जिक घालायचं ठरवलं. शेजारी आपापले बैल नि नांगर घेऊन आले. दिवसभरात रान नांगरून निघालं. संध्याकाळी आईनं सगळ्यांना जेवू घातलं. त्या पंगतीत मला कुणाचीच लाज वाटली नाही. का बरं? उद्या दुसऱ्याची नांगरट अडली, तर आमचेही बैल त्याच्या रानात जाणार होते!

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी हे मर्म ओळखले होते. १९१९ साली काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. तिथे सर्व जातींची गरीब मुले एकत्र राहत. त्यांच्या जेवणाखाण्यासाठी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडले. मदत मोठी होती. पण मुलेही स्वतः कष्ट करीत. १९४७ साली साताऱ्यात निघालेल्या कॉलेजातही 'कमवा आणि शिका' हीच वाट ठेवली.

गुरुजनहो, गरजू मुलाला मदत करा, पण बाजूला बोलावून. मग त्याच्याही हाती काही सोपवा: पुस्तकांची पेटी सांभाळणं, खालच्या वर्गातल्या पोराला पाढे शिकवणं. मात्र ही मदतीची वसुली होऊ देऊ नका. असं काम वर्गातल्या सगळ्याच मुलांना असावं. आपलाही कुणाला उपयोग आहे, हे मुलाला कळलं की त्याची मान आपोआप वर होते.

वह्या देणाऱ्या त्या गृहस्थांची परतफेड मला करता आली नाही. म्हणून दर जूनमध्ये मी दोन मुलांना वह्या देतो. कव्हरावर नाव असतं, ते त्या मुलांचंच.