८०० तासांचा हिशेब

परिषदेसाठी कोकणातून घाट चढून आणि विदर्भ-मराठवाड्यातून रात्रभर प्रवास करून आलेल्या शिक्षक बंधू-भगिनींनो,

स्वागत समितीच्या आणि समस्त करवीरकरांच्या वतीने मी आपले मनापासून स्वागत करतो. सुट्टीचे दिवस घरच्यांसाठी राखून ठेवावेत असे कुणालाही वाटेल. तरीही आपण प्राथमिक शाळेच्या अभ्यासक्रमावर दोन दिवस बोलायला आलात, याचे आम्हाला मोल आहे.

ही चर्चा कोल्हापुरात व्हावी असा आमचा आग्रह होता आणि त्याला कारण आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. याच जिल्ह्यातल्या बहिरेवाडीत जन्मलेले जे. पी. नाईक पुढे कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झाले. कार्यानुभव हा शब्द देशातल्या शाळांपर्यंत ज्या अहवालाने नेला, त्या अहवालामागे त्यांचे कष्ट होते. आणि याच शहरात लीलाताई पाटील यांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय सुरू केले. मूल अनुभवातून, प्रश्न विचारत, आनंदाने शिकू शकते, हे त्यांनी बोलून दाखवण्याऐवजी रोजच्या वर्गात करून दाखवले. महाराजांपुढचा प्रश्न होता मुलाला शाळेत आणायचे कसे. आपल्यापुढचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे: आलेल्या मुलाला दिवसभर द्यायचे काय?

याचे उत्तर महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात आहे, आणि ते आजही वाचताना मी थांबतो. प्राथमिक शाळेत मोडी व बाळबोध वाचन-लेखन हवे, हिशेब हवा, इतिहास, भूगोल व व्याकरणाची तोंडओळख हवी, हे तर त्यांनी सांगितलेच. त्यापुढे जाऊन शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीतीचे आणि आरोग्याचे काही धडे त्यांनी मागितले. शाळेला जोडून लहानसे नमुन्याचे शेत असावे असे सुचवले. शिक्षकही असा हवा की जो वेळ पडल्यास नांगराची मूठ धरेल, सुताराचा वाकस हाती घेईल. 'सर्वांगीण विकास' हा शब्दप्रयोग आपल्या परिपत्रकांत रुळण्याच्या कितीतरी आधीची ही मागणी आहे. ती मागणाऱ्याने मुलाचे डोके आणि हात वेगळे काढले नव्हते.

पुढे १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेतून नई तालीम आली. झाकीर हुसेन समितीने हस्तोद्योगाभोवती सगळा अभ्यासक्रम गुंफला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये मुलाच्या सर्वांगीण विकासाचा, कृतीतून व शोधातून शिकण्याचा आणि शक्यतो मातृभाषेतून शिकवण्याचा उल्लेख आहे. म्हणजे विचाराची टंचाई आपल्याकडे कधीच नव्हती. अडले आहे ते वेळेत, आणि माझे आजचे म्हणणे एवढ्यापुरतेच आहे.

मित्रहो, थोडा हिशेब मांडू या. कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन सांगितले आहे. म्हणजे दिवसाला ४ तास. ज्या शाळेचा पट साठपर्यंत आहे, तिथे शिक्षक दोन. गगनबावडा, शाहूवाडी, चंदगडकडच्या वाड्यावस्त्यांवर अशा दोनशिक्षकी शाळा आपल्याला जागोजाग भेटतील. आता वर्ग पाच, शिक्षक दोन. दोघांचे मिळून दिवसाचे ८ तास पाच वर्गांत वाटले, तर एका वर्गाच्या वाट्याला शिक्षक प्रत्यक्ष येतो तो ९६ मिनिटे. उरलेली १४४ मिनिटे ते मूल त्याच खोलीत असते आणि गुरुजी किंवा बाई दुसऱ्या वर्गाला शिकवत असतात.

अभ्यासक्रम लिहिणाऱ्या तज्ज्ञांना माझी हात जोडून विनंती आहे, की त्यांनी या १४४ मिनिटांसाठी लिहावे. आपली पाठ्यपुस्तके आणि वार्षिक नियोजने एका वर्गाला एक शिक्षक धरून बनतात. त्यामुळे दोनशिक्षकी शाळेत या वेळात उरते ती फळ्यावरून उतरवून घेण्याची नक्कल. खरे तर चित्र, माती, वाचन, मोजमाप, बाग, गाणी आणि मोठ्याने धाकट्याला शिकवणे, हे सगळे याच वेळात बसू शकते. कला आणि कार्यानुभवाला वेळ मिळत नाही अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो. वेळ आहे, पण त्याची आखणी कुणी करून दिलेली नाही. पूर्वप्राथमिकपासून पाचवीपर्यंत कला, क्रीडा आणि कामासाठी वेगळा शिक्षक देण्याची तरतूद कायद्यात नाही. अंशकालीन निदेशक सहावीच्या पुढे येतात, तेही शंभरांवर पट असेल तरच. तेव्हा हे काम वर्गशिक्षकाच्याच हातून व्हायचे आहे, तर त्याला ते हाताशी येईल असे द्यायला हवे.

एक उदाहरण आमच्या मातीतले देतो. हंगामात आमच्या गावोगावी गुऱ्हाळे लागतात. पहिली ते पाचवीच्या मुलांना एक सकाळ तिथे नेले, तर काय काय हाती लागते! उसाचा रस काहिलीत पडतो, चुलवाणात चिपाड जळते, रानभेंडीच्या खोडाचा चिकट रस घातला की मळी वर येते, आणि पाक कधी उतरवायचा हे गुळव्या नजरेने ठरवतो. परत आल्यावर पहिलीतले मूल चार चित्रे क्रमाने लावून गोष्ट सांगेल. तिसरीतले मूल किती उसाला किती रस, किती रसाला किती गूळ याचा तक्ता करेल. पाचवीतले मूल गुळव्याची मुलाखत लिहून काढेल, बाजारभावाचा हिशेब करेल, भट्टीजवळ काम करणाऱ्याच्या डोळ्यांना धुराचा काय त्रास होतो हे विचारेल. मातीची काहील करता येईल, रसाच्या वाफेचे विज्ञान बोलता येईल. पाचही वर्ग एकाच अनुभवावर आपापल्या पायरीने काम करतील आणि दोन शिक्षकांना फिरत राहता येईल. परिसर अभ्यासाचे तिसरीचे पुस्तक बालभारतीने जिल्ह्याजिल्ह्यासाठी वेगळे काढले, त्यामागची दृष्टी हीच होती. ती आता पुस्तकातून शाळेच्या उंबऱ्याबाहेर जावी.

मात्र याबरोबरच दुसरी बाजूही स्पष्ट सांगितली पाहिजे. सगळेच अनुभवातून आपसूक येते, असे मी मानत नाही. अक्षर आणि ध्वनी यांचे नाते, जोडाक्षरे, दशक-एककाची किंमत, हातच्याची वजाबाकी हे क्रमाने, रोज, शिक्षकाने समोर बसून शिकवावे लागते. नई तालमीच्या काही शाळांत समवायाचा, म्हणजे प्रत्येक विषय उद्योगाला जोडण्याचा, अट्टहास झाला, प्रत्येक गणित टकळीला बांधण्याची ओढाताण झाली, आणि त्यात विषयही सुटला आणि उद्योगही. म्हणून ती ९६ मिनिटे भाषा आणि गणिताच्या थेट अध्यापनासाठी मी कडक राखून ठेवीन. निपुण भारत अभियानाने पायाभूत वाचन आणि संख्याज्ञानाचा आग्रह धरला, तो योग्यच आहे. वाचता न येणाऱ्या मुलाला सर्वांगीण शिक्षण दिले, असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? फक्त त्या आग्रहाखाली उरलेली १४४ मिनिटेही सराव चाचण्यांनी भरून जाऊ नयेत.

नवीन विषय आणताना हाच हिशेब समोर हवा. २०२५ साली पहिलीपासून तिसऱ्या भाषेवरून महाराष्ट्र ढवळून निघाला आणि शासनाला आपले निर्णय मागे घ्यावे लागले. त्या वादात भाषा कोणती, यावर खूप बोलले गेले. तिच्या तासिका कोणत्या विषयातून काढायच्या, यावर फार थोडे. ८०० तासांत जो नवा विषय येतो, तो कुणाला तरी बाजूला सारून येतो. बहुतेक वेळा बाजूला सरते ते खेळाचे मैदान.

आमच्या जिल्ह्याला शिष्यवृत्ती परीक्षेतल्या यशाचा मोठा अभिमान आहे, आणि त्यामागे शिक्षकांनी पहाटे व सुट्टीत घेतलेले वर्ग आहेत, हे मी आदराने सांगतो. पण ज्या वर्षी मूल त्या परीक्षेला बसते, त्या वर्षी चित्रकलेची वही कोरी राहते, हेही आपण सगळे जाणतो. त्या मुलांच्या आणि त्यांच्या शिक्षकांच्या वतीने मला वाटते, की परिषदेने यावर ठाम भूमिका घ्यावी. मूल्यमापनाचेही तसेच. आकारिक मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदी बाजारात तयार मिळतात आणि मुलाला न पाहता उतरवल्या जातात. जे शिकवलेच नाही त्याला श्रेणी देणे थांबवू या.

आणखी एक मूल आपल्या चर्चेत असावे. ऊसतोडीसाठी बीडकडून आलेल्या कुटुंबाबरोबर ते दिवाळीच्या सुमाराला आमच्या शाळेत येते आणि हंगाम संपला की जाते. दोन शाळांत मिळून त्याचे ८०० तास व्हायचे आहेत. दोन्ही शाळांनी एकच कार्ड, एकच नोंदवही ठेवली तर त्याचा धागा जुळेल. त्या मुलाला आपला अभ्यासक्रम पुरेल का, ही अभ्यासक्रमाची खरी कसोटी मी धरतो.

आज दुपारी आपण गटांत बसणार आहोत. प्रत्येक गटाला स्वागत समितीने एक कोरा आठवड्याचा तक्ता दिला आहे: दोन शिक्षक, पाच वर्ग, ५२ मुले, एक खोली आणि एक व्हरांडा. उद्याच्या शेवटच्या सत्रात हे तक्ते भिंतीवर लागतील आणि ज्या शिक्षकांना हवे त्यांनी ते आपल्या शाळेत न्यावेत. जेवणाची व्यवस्था मागच्या मंडपात आहे, आणि संध्याकाळी ज्यांना कुंभार गल्लीत चाकावरचे काम पाहायचे आहे, त्यांच्यासाठी आमचे कार्यकर्ते बाहेर थांबतील.

आता परिषदेच्या अध्यक्ष महोदयांनी कामकाजाची सूत्रे हाती घ्यावीत, अशी मी त्यांना विनंती करतो.