संथ पियानो आणि लांबलेली आस



पियानोची रेकॉर्ड मुद्दाम हळू करून ऐकायची, हा सध्या तरुण मुलांचा आवडता उद्योग आहे. शोपँ, शुमान, लिस्ट अशा एकोणिसाव्या शतकातल्या हळव्या मंडळींची एखादी रचना घ्यायची, संगणकावर तिचा वेग उतरवायचा, वर थोडा घुमारा चढवायचा आणि रात्री हेडफोन लावून पडून राहायचं. अभ्यासाला बरं पडतं, म्हणतात. वर्ध्याला रामनगरात एका स्नेह्यांकडे आमची गाणं ऐकायची बैठक असते. तिथे त्यांच्या नातवाने हा प्रकार आम्हा जुन्या खोडांना ऐकवला. शोपँचं 1832 साली प्रसिद्ध झालेलं ई-फ्लॅटमधलं नॉक्टर्न. एरवी साडेचार मिनिटांत आटोपतं. आधी तसं लावलं, मग निम्म्या वेगाने. ते नऊ मिनिटं चाललं.

भजनी मंडळात पखवाज वाजवणारे एक गृहस्थ मिनिटभरातच म्हणाले, "सेल उतरले का रे पोरा याचे?" कॅसेटचे दिवस पाहिलेले सगळे हसले, नातू तेवढा हसला नाही. एक निवृत्त शिक्षिका डोळे मिटून ऐकत होत्या. "कुणी विहिरीच्या तळाशी बसून वाजवतंय जणू," असं त्या म्हणाल्या. पण बंद कर म्हणाल्या नाहीत. एकजण सरळ झोपले. आणि गाणं शिकवणाऱ्या एक बाई आहेत, त्यांचा हात आपसूक मांडीवर ठेका धरू लागला. डाव्या हाताचा एक खर्ज आणि मागोमाग दोन भरणे, अशा तीन-तीनच्या चार गटांत बारा मात्रा. मध्येच उजव्या हाताने बारीक स्वरांची एक लड सोडली, तशा त्या म्हणाल्या, "थांब, मागे घे. अरे, ही तर तान आहे! मघाशी मला नुसती खळखळ ऐकू आली होती."

एवढी निरनिराळी मतं एकाच रेकॉर्डवर का पडावीत?

वेग उतरवला की स्वर उतरतो, हे चावीच्या ग्रामोफोनपासून आपल्याला ठाऊक आहे. स्प्रिंग सैल पडली की गाणारी बाई बुवांच्या आवाजात गाऊ लागे आणि घरातलं पोर चावी द्यायला धावे. 45 फेऱ्यांची तबकडी चुकून 33 वर लागली, तर मध्यम षड्जापाशी येतो, किंबहुना किंचित त्याच्याही खाली. वेग निम्मा केला की अख्खं गाणं खालच्या सप्तकात जातं. आता संगणकाला स्वर तिथेच ठेवून नुसता वेळ ताणताही येतो. तो आवाजाचे बारीक तुकडे पाडून एकमेकांवर सरकवत नेतो. मुलं मात्र बहुधा स्वरही उतरू देतात. त्यांना तो अंधारच हवा असतो.

पण हळू होण्याच्याही दोन जाती आहेत. त्या समजायला आपल्या सेवाग्रामला जाऊ या. बापूकुटीच्या मातीच्या भिंतींवर उठावातली ताडाची झाडं आणि ॐ पाहिला असेल तुम्ही. ते काम मीराबेनचं. ती कुटी आधी तिचीच होती. इंग्लंडातल्या आरमारी अधिकाऱ्याची ही मुलगी, मॅडेलिन स्लेड. गांधीजींपर्यंत पोहोचली ती बेथोव्हनच्या वाटेने. बेथोव्हनपायी फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँकडे गेली आणि रोलाँनी तिला गांधीजींचं नाव सांगितलं. 1931 च्या डिसेंबरात गांधीजी स्वित्झर्लंडमध्ये रोलाँकडे उतरले होते, तेव्हा शेवटच्या संध्याकाळी बेथोव्हन ऐकवा, असं ते स्वतःहून म्हणाले. रोलाँनी पाचव्या सिंफनीतला संथ भाग पियानोवर वाजवला. मीराबेन सोबत होतीच.

तिच्या कानावर बेथोव्हन पहिल्यांदा पडला, तो मात्र माणसाच्या हातून नव्हे. मुलगी पंधराएक वर्षांची असताना घरात एंजेलस नावाचं यंत्र आलं. भोकं पाडलेली कागदी गुंडाळी त्यात घालायची, पायाने भाता मारायचा. पियानोच्या पट्ट्या यंत्र दाबणार. लय कमी-जास्त करायचा दांडा ऐकणाऱ्याच्या हाती! म्हणजे आमच्या नातवाची हौस शंभर वर्षं जुनी आहे.

फरक इथेच आहे. त्या यंत्रात गुंडाळी हळू फिरवली, तरी हातोडी खऱ्या तारेवर पडते. स्वर उतरत नाही आणि उठलेला नाद आपल्याच गतीने विझतो. दोन स्वरांमध्ये मोकळी जागा तेवढी वाढते. रेकॉर्ड हळू केली, की स्वरांमधलं अंतर वाढतं आणि स्वराचं विझणंही लांबतं. हातोडीचा ठोका बोथट होतो, मागची आस दुप्पट वेळ रेंगाळते. पुढचा स्वर यायच्या आत मागचा संपलेला नसतो.

माझं म्हणणं एवढंच, की ऐकणाऱ्यांना मोह पडतो तो लयीचा नव्हे, या लांबलेल्या आसेचा. पट्ट्यांच्या वाद्यांवर आपला जुना राग आहे: मींड नाही, श्रुती नाहीत. आकाशवाणीने 1940 मध्ये पेटीला बंदी केली आणि तीसेक वर्षं ती निभावली. पेटीला निदान भात्याची आस आहे. पियानोचा स्वर तर उठला की विझायलाच लागतो. हळू केलेल्या रेकॉर्डमध्ये त्याला उसनी आस मिळते, म्हणून सतारीला, तानपुऱ्याला सरावलेल्या कानालाही तो सुसह्य होतो.

माणूस स्वतः संथ वाजवतो, ते निराळं. 6 एप्रिल 1962 ला न्यूयॉर्कमध्ये ग्लेन गूल्डला ब्राम्सचा पहिला पियानो कंचेर्टो इतका संथ हवा होता, की वाद्यवृंद चालवणाऱ्या बर्नस्टाइनने आधी श्रोत्यांपुढे येऊन सांगितलं, ही कल्पना माझी नाही. टीकाकारांनी गूल्डला झोडपलं. तिथे प्रत्येक मोकळ्या जागेचा जाब वाजवणाऱ्याला द्यावा लागतो. अमीर खाँसाहेबांच्या अतिविलंबित झुमऱ्यात दोन मात्रांमधलं अंतर त्यांच्या आलापीने धरून ठेवलेलं असतं. यंत्राने ताणलेल्या वेळात कुणीच काही धरलेलं नसतं. म्हणून नऊ मिनिटंच मला सोसली. नातू पुढे पाव वेगाचं लावणार होता, तेव्हा मी उठलो. बाई मात्र बसल्या. त्यांना ती तान आणखी उकलून पाहायची होती.

आता पखवाजवाल्या बुवांनी उलटी टूम काढली आहे: अमीर खाँसाहेबांचा झुमरा दुप्पट वेगाने लावायचा. नातवाने फोनवर तयारी करून ठेवली आहे. बाईंचा सक्त विरोध आहे. त्या वेळी स्वयंपाकघरात जाऊन बसेन म्हणतात.